आज ‘वाचा’ वाढवतो

दिवा लावायचा तर लावा, तुमच्यासाठी. मला काही फरक पडत नाही. तुम्ही मंडळी आज नव्यानं ‘वाचा’च्या कामाला आलात, म्हणून ही गोष्ट सांगते. घाबरायचं तर खुशाल घाबरा, पण चहा गार करू नका.

भुतं रात्रीच भेटतात असं ज्यानं कुणी ठरवलं, तो डोळस असणार. आमच्याकडं काय, दिवस तोच, रात्र तीच. मला जे भेटलं ते गेल्या मे महिन्यात, टळटळीत दुपारी, फर्दापूरला.

माझं नाव कडूबाई. आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून माझं नाव कडू ठेवलं. कडू म्हणलं की यम तोंडात घालत नाही, अशी आमच्याकडं समजूत. यमाचं मला ठाऊक नाही, पण ऑफिसातले साहेब लोक टरकून असतात. मी टेलिफोन ऑपरेटर आहे. जन्मापासून दिसत नाही. वडलांचं औरंगपुऱ्यात बांगड्यांचं दुकान होतं, तिथल्या किणकिणाटात मी मोठी झाले. हे दुकान ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

‘वाचा’ काय आहे ते तुम्ही जाणता, तरी माझ्या तोंडून ऐका. फोनच्या पडद्यावर जे असेल ते मराठीत मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट. त्याचा कोडही उघडा. कुणीही बघावा, दुरुस्त करावा, घरी न्यावा. त्यातला आवाज साहेबराव सरांचा. सर अंधशाळेत माझे मास्तर, ब्रेलवर माझं बोट पहिल्यांदा त्यांनीच ठेवलं. रिटायर झाल्यावर ते फर्दापूरला गेले, अजिंठा लेण्यांच्या रस्त्याला त्यांचं लहानसं लॉज होतं. तिथं त्यांच्या पोरानं, इंद्रजीतनं, त्यांच्याकडून ढीगभर वाचून घेतलं आणि त्या आवाजातून ‘वाचा’ उभं केलं. सरांना एक खोड होती. बोलायच्या आधी घसा साफ करायचे. ‘हं.’ इंद्रजीतनं ते सगळे ‘हं’ वेचून वेचून कापून काढले.

पुढं सर वारले. पण आमच्या फोनांमध्ये बोलतच राहिले. माझं विजेचं बिल सर वाचतात, भावाचा मेसेज सर वाचतात, बँकवाल्यांची भंकससुद्धा सरच वाचतात. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

इंद्रजीत मात्र एकटा पडला. लॉज बंद केलं, आत तो आणि ‘वाचा’. दिवसभर कुठल्या कंपनीचं काम, उरलेल्या वेळात आमचं. आणि आमचे लोक! फुकट मिळालं की जिभेला हाड राहत नाही. ‘एवढं साधं जमत नसेल तर कशाला बनवता?’ ‘चार दिवस झाले, उत्तर नाही, झोपलात का?’ एकानं तर लिहिलं, ‘आंधळ्यांच्या जिवाशी खेळू नका.’ पोरगं सगळ्यांना उत्तर द्यायचं, ‘बघतो दादा, करतो ताई.’ मी फोन करून विचारायचे, “जेवलास का रे?” तो म्हणायचा, “व्हय ताई, जेवलो.” खोटं बोलायचा. उपाशी माणसाचा आवाज मला कळतो.

तर तो रविवार. मी गारखेड्यात, घराच्या गच्चीवर, काठी घेऊन कुरडया राखत बसले होते. कावळा दिसत नसला तरी पत्र्यावर त्याचे पाय वाजतात, आणि माझी काठी बरोबर पोचते. सकाळचंच ऊन, पण पाठ भाजत होती. शेजारी फोन. फोनातून सर बोलले.

“इंद्रजीत. आज वाचा वाढवतो. सगळ्यांचे आभार.”

मी म्हणलं, वा. आणि लागोपाठ फोनातल्या ‘वाचा’च्या गटावर मेसेजांचा पाऊस पडला. सर एकेक वाचत होते. अभिनंदन दादा. फारच छान. वाढवताच आहात तर त्यात कन्नडही घाला. वाढवताना आवाज जरा तरुण घ्या, हा म्हातारा कंटाळवाणा आहे. माझ्या फोनवर तीन आठवडे चालत नाही, आधी ते बघा, मग वाढवा.

मग सर थांबले. आणि फोनातून आलं...

“हं.”

माझी काठी हातातच राहिली. तो ‘हं’ कुणाच्याच फोनात असायला नको होता. मी म्हणलं, ऊन लागलं तुला, कडूबाई. तेवढ्यात, माझं बोट पडद्याला लागलेलं नसताना, सरांनी पहिला मेसेज परत वाचला. पण या वेळी सावकाश, आवाज खाली घेऊन. “आज... वाचा... वाढवतो.”

आणि मला दुकानाचं शटर ऐकू आलं. माझे वडील रोज दिवेलागण झाली की असाच आवाज खाली घ्यायचे आणि म्हणायचे, “चल कडे, दुकान वाढवू.” बंद करू म्हणायचं नाही, अपशकुन होतो. आमच्या धंद्यात तर बांगडीसुद्धा कधी फुटत नाही, वाढते. बाप गेला तरी शब्द राहतो कानात.

फोनातून परत आवाज आला. अगदी हळू, शेजारी बसून बोलावं तसा.

“येतो म्हणाला नाही गं, कडे.”

मला कडे म्हणणारी दोनच माणसं होती. दोघंही आता नाहीत.

मी इंद्रजीतला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला, परत तेच. मग श्रेयाला लावला. ही श्रेया इथल्याच एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी ‘वाचा’चे उच्चार दुरुस्त करते. हुशार आहे, पण पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली.

“श्रेया, तू त्याला काय लिहिलंस?”

“अभिनंदन लिहिलं, ताई. प्रोजेक्ट वाढवतोय ना तो?”

“अगं माझे आई! दुकान वाढवलं म्हणजे काय?”

“म्हणजे... मोठं केलं?”

“आणि देवापुढं नारळ वाढवतात, तो काय मोठा करतात व्हय?”

 तिला कळलं ते मला तिच्या श्वासावरूनच समजलं, फोनवर माणसं ऐकण्यात आयुष्य गेलंय माझं. “ताई,” ती म्हणाली, “तो बंद करतोय. आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“फोन उचलत नाही तो. येतो असंसुद्धा लिहिलं नाही.”

“मी कार काढते. खाली थांबा.”

कुरडया तशाच टाकल्या. कावळ्यांची चंगळ झाली असेल.

फर्दापूरचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे, हाडं खिळखिळी करतो. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. खिडकीतून झळा आत येत होत्या, त्यांना तापलेल्या डांबराचा वास होता. श्रेया गाडी चालवत होती आणि मधूनच नाक ओढत होती. मी तिला म्हणलं, रडायचं असेल तर गाडी थांबवून रड. ती म्हणाली, थांबायचं नाहीये. मला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली. मी वाटभर इंद्रजीतला फोन लावत होते. तिथल्या दुसऱ्या कुणाचाच नंबर आमच्याकडं नव्हता. शेकडो लोक त्याला रोज लिहायचे, पण त्याच्या दारावर थाप मारू शकेल अशा एकाचाही नंबर कुणाकडं नव्हता. याचं मला लई वाईट वाटलं.

अजिंठ्याचा घाट उतरलो. श्रेयानं गटावरचे मेसेज गाडी न थांबवता मला चाळायला सांगितले. मी चाळले. ‘येतो म्हणाला नाही’ असं कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणजे फोनातून मला आलेलं ते कुणाच्या मेसेजातलं नव्हतंच. चालवणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये.

लॉजच्या आवारात गाडी थांबली तेव्हा बरोबर बाराचा सुमार असेल. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात, भर बाराला विहिरीवर जाऊ नये, रिकाम्या घरात शिरू नये. पाखरू बोलत नव्हतं. पानाचा आवाज नव्हता. तापलेला पत्रा मधूनच कट् कट् वाजायचा. बंद गाद्यांचा कुबट वास, आणि त्यात वटवाघळांचा. मी सरांच्या हयातीत इथं आले होते तेव्हा फोडणीचा वास यायचा.

पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं. चंपाबाई. शेजारच्या वस्तीतली, इंद्रजीतला भाकरीचा डबा द्यायची.

“कालचा डबा तसाच हाय दारात,” ती म्हणाली. “आन् आजचाबी घेतला नाय. हाका मारल्या. पण आत कुणीतरी बोलतंय, म्हणून म्हणलं, पाव्हणं असतील...”

“कोण बोलतंय?” श्रेयानं विचारलं.

“म्हातारं माणूस वाटतंय. वाचून दावतंय काहीतरी. सकाळधरनं चालू हाय.”

आम्ही दाराशी गेलो. मी लाकडाला कान लावला. लाकूड गरम होतं. आत, दूर, सर वाचत होते.

“...मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, राहूनच गेलं. औषधाच्या पाकिटावरचं नाव आता सुनेला विचारावं लागत नाही...”

श्रेया हळूच म्हणाली, “लॅपटॉप चालू आहे त्याचा. ‘वाचा’ लावून ठेवलंय.”

“लॅपटॉप कशावर चालंल?” चंपाबाई म्हणाली. “लाइट कालपासून नाय इथं.”

“...लेकीचं प्रगतिपुस्तक मी स्वतः वाचलं. गणितात नापास आहे. मला पास सांगितलं होतं लबाडानं...”

श्रेयाचा हात माझ्या दंडावर आला. गार पडला होता, त्या उन्हात. “ताई... मध्ये श्वास घेतोय तो आवाज. आपला ‘वाचा’ श्वास घेत नाही...”

“दार फोड,” मी म्हणलं.

“...मला कोड येत नाही, पोळ्या येतात. सोयगावला राहते. उद्यापासून डबा माझा...”

चंपाबाईनं पळत जाऊन पहार आणली. एक हिसका, दुसरा हिसका. तिसऱ्याला कडी आतून निखळायला लागली, तेव्हा आवाज दाराच्या अगदी जवळ आला होता. माझ्या कानापासून फळीभर अंतरावर. तो म्हणाला,

“हं. कडे, येतो आता.”

दार उघडलं. समोर कुणी नव्हतं, असं श्रेया म्हणते. मला एवढंच कळलं की अंगावरून खडूचा वास गेला. सरांच्या वर्गातला.

इंद्रजीत मागच्या खोलीत कॉटवर पडलेला होता. खिडक्या बंद, खोली नुसती भट्टी. अंग तापलेलं आणि कोरडं, ओठ फाटलेले. मी त्याच्या तोंडावर हात फिरवला तेव्हा तो पुटपुटला, “ताई, तू लई वेळ वाचत होतीस. दमली असशील.”

“मी नव्हते रे वाचत, लेकरा.”

“मग कोण?” एवढं म्हणून त्याची शुद्ध हरपली.

चंपाबाईनं कांदा फोडून तळपायांना चोळला, श्रेयानं ओल्या चादरीत गुंडाळला, आणि तिघींनी मिळून गाडीत घातला. सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तसाच राहिला असता तर हाताला लागला नसता. मी आयुष्यात फार कमी वेळा रडले आहे. तिथं बाकावर बसून रडले.

जाग आल्यावर तो बोलला. “मला मरायचं वगैरे नव्हतं, ताई. नुसतं उठावंसंच वाटेना. पाण्याचा तांब्या हातभर लांब होता, पण म्हणलं, कशाला? उठलो की परत कुणीतरी विचारणार, हे कधी होणार, ते कधी होणार. फोन पिठाच्या डब्यात ठेवला, म्हणजे ऐकू यायला नको. त्याआधी सकाळी, फोनवरूनच, ‘वाचा’ सगळं पुसून टाकलं. बाबांचा आवाजसुद्धा. पुसल्यावर वाटलं, आता बाबा खरेच गेले. आणि मग... कुणीतरी शेजारी बसून वाचायला लागलं. ग्लानीत आवाज ओळखू येईना.”

“काय वाचलं?”

“लोक चांगलं बोलत होते,” तो म्हणाला. “मला नवल वाटलं. म्हणून डोळे उघडे ठेवले.”

श्रेया बाहेर गेली. तिनं गटावर लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होती, म्हणून मला पाठ आहे. ‘वाढवतो म्हणजे बंद करतो. हे मलाही माहीत नव्हतं. दादा दवाखान्यात आहे, वाचला आहे. आजपासून त्याला कुणी काही मागायचं नाही. मागायचं सोडून काय करू शकता, तेवढं लिहा.’

 मग शिवमचा मेसेज आला, हा नांदेडचा. ‘सगळा कोड माझ्याकडे आहे, अख्खा. काळजी नको.’ पाठोपाठ आणखी कुणाकुणाचे, माझ्याकडेही आहे, माझ्याकडेही. उघड्या कामाचं हेच बघा. विरजणासारखं असतं. आपलं नासलं तरी शेजारणीकडं वाटीभर असतं. एकजण म्हणाला शब्दकोश मी बघतो. एक बाई म्हणाली चाचणीचं काम माझ्याकडं द्या. ज्यानं म्हातारा आवाज कंटाळवाणा म्हणला होता, त्यानं माफी मागितली. मी लिहिलं, सगळ्या तक्रारी आता माझ्याकडं येतील, फोननं. मी कडू आहे, आवडत असेल तर करा.

तेव्हापासूनचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. आधी ‘जेवलात का’ विचारायचं, मगच तक्रार. एकाकडं एकच काम. दमलो म्हणायला लाजायचं नाही. आणि आपली पाळी संपली की गटावर ‘येतो’ लिहायचं, बाकीच्यांनी ‘या’ म्हणायचं. कुणी न बोलता गेलं, की मी फोन करते. आणि प्रत्येकाच्या शेजाऱ्याचा नंबर माझ्याकडं आहे. तुमच्याही शेजाऱ्याचा द्या जाताना.

इंद्रजीत आता बरा आहे. आठवड्यातून थोडाच वेळ ‘वाचा’ला देतो. लॉजच्या दोन खोल्या उघडल्यात, परवा मला म्हणाला, ताई, वजन वाढलंय. मी म्हणलं, हे वाढलेलं चालतं.

आता राहिलेलं सांगते.

त्याच दिवशी सांजेला, दवाखान्याच्या बाकावर, मी फोन कानाला धरून गटावरचे मेसेज ऐकत होते. सर वाचत होते, नेहमीसारखे, ‘हं’ नाही, श्वास नाही. अमरावतीच्या कुणा बाईंचा मेसेज आला. “मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, राहूनच गेलं. औषधाच्या पाकिटावरचं नाव आता सुनेला विचारावं लागत नाही.”

 शेजारच्या श्रेयानंही ते ऐकलं आणि आपला कान माझ्या फोनाला आणून भिडवला. मग पुढचा आला, लेकीच्या प्रगतिपुस्तकाचा, लबाडासकट. आणि मग सोयगावची रूपा, जिला आम्ही कुणी ओळखत नव्हतो. “मला कोड येत नाही, पोळ्या येतात. सोयगावला राहते. उद्यापासून डबा माझा.” अक्षर न् अक्षर तेच, त्याच क्रमानं. दुपारी बाराला दाराआड जे वाचलं गेलं, ते संध्याकाळी लोकांनी लिहिलं. श्रेया म्हणाली, ताई, हे कसं? मी म्हणलं, मला काय विचारतेस, मी आंधळी आहे.

रूपाच्या पोळ्या झाल्या, डबे झाले, वर्ष उलटलं. दाराआड ऐकलेलं सगळं आलं. फक्त शेवटचं एक वाक्य, ‘कडे, येतो आता’, अजून कुणी लिहिलेलं नाही.

माणूस जाताना ‘येतो’ म्हणतो, आणि येतानाही ‘येतो’च म्हणतो. सरांनी कुठल्या अर्थानं म्हणलं, मला कळत नाही. रात्री झोपताना फोन उशाशी असतो. कधी कधी त्याच्यात कुणी काही लिहिलेलं नसताना, बोलायच्या आधीची एक जागा ऐकू येते, ‘हं’ यायच्या जरा आधीची. मी थांबते. मग काहीच येत नाही.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी पोरगं परत दिलं. म्हणून उत्तर मी तयार ठेवलंय, ते येईल त्या दिवशी लगेच देता यावं म्हणून.

या, सर.